थ्रॉटल बॉडीची खंडेनवमी

गाडीचं ॲक्सिलरेटरचं पेडल अडकायला लागलं तेव्हा गाडी गुलजारच्या गॅरेजला टाकावी, असं कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला.

गाडी सेकंडहँड असली तरी आमच्या घरातली पहिलीच. (मी बीबी गावातल्या एका शाळेत क्लार्क आहे. आमच्याकडे बहुतेक वस्तू दुसऱ्यांच्या वापरून झाल्यावरच येतात.) सकाळी पेडल दाबलं की आधी ते हलायचंच नाही, आणि मग एकदम सुटून गाडी म्हशीसारखी उधळायची. एकदा अशीच उधळून ती उकंडरावांच्या पंप रिपेअरिंगच्या दुकानाची पायरी चढली होती. उकंडरावांनी उठून मला आधी पाणी दिलं आणि मग गाडी उतरवून दिली.

दसऱ्याला देऊळघाटला समताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. समता ही माझ्या बायकोची, संजीवनीची भाची. लग्न झाल्यापासून संजीवनी माहेरी बसनं जाते, आणि दारात पाय ठेवला की तिची वहिनी चुरगळलेल्या साडीकडे बघून फार मायेनं विचारते, "बस लेट होती काय?" या खेपेला संजीवनीनं वहिनीला आधीच फोन करून ठेवला होता की आम्ही गाडीनं येतो. साक्षगंधाचं काय काय ठरलं हे ती विचारायचं विसरली, पण गाडीचं वाक्य मात्र तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. साडीसुद्धा कडक इस्त्रीची काढून ठेवली होती.

तेव्हा गाडी नीट करणं भागच होतं. आदल्या दिवशी उजाडल्याबरोबर मी बॉनेट उघडलं. व्हिडिओप्रमाणे सगळा दोष थ्रॉटल बॉडीचा होता. म्हणजे इंजिनात हवा सोडणारा धातूचा एक गळा असतो, त्याच्या आत एक गोल चकती फिरते, आणि तिच्या कडेला काजळी साचली की ती चिकटते. काढायचं, पुसायचं, बसवायचं. व्हिडिओतल्या माणसाचे हातसुद्धा काळे झाले नव्हते.

माझे कोपरापर्यंत झाले. पण पाईप निघाला, केबल निघाली, बोल्ट निघाले आणि शेवटी थ्रॉटल बॉडीही हातात आली. स्प्रे मारून मी ती जुन्या बनियननं लख्ख पुसली. (बनियन नवं होतं, हे नंतर कळलं.) चकती अगदी अलगद फिरायला लागली. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो मी लपवला नाही. मग सगळे पाने आणि पेचकसही पुसले, ओसरीवर धुतलेलं पोतं अंथरून त्यावर ओळीनं मांडले, मधोमध थ्रॉटल बॉडी वाळत ठेवली आणि अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा पोत्याभोवती रांगोळी होती. प्रत्येक पान्याला हळदकुंकू लागलं होतं. थ्रॉटल बॉडीच्या गळ्यात झेंडूचं एक टपोरं फूल बसलं होतं, आणि ते इतकं मापात बसलं होतं की कंपनीनंच दिलं असावं. समोर उदबत्ती लावून माझी आई, सत्यभामाबाई, हात जोडून उभी होती.

त्या दिवशी खंडेनवमी होती. या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि मग त्यांना विश्रांती असते. आमच्या घरी तर दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. दरवर्षी विळा, अडकित्ता, कात्री शोधता शोधता आईची कंबर मोडते. यंदा मुलानं न सांगता हत्यारं घासूनपुसून ओळीनं मांडून ठेवलेली बघून तिचा ऊर भरून आला होता.

"आई, हे मधातलं गाडीत बसवायचं आहे," मी म्हणालो.

"बसव नं. उद्या सोनं वाटल्यावर."

"उद्या सकाळी तं साक्षगंधाले निघायचं आहे."

"मंग आज काऊन खोललं?"

याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं.

निदान पाना बाहेरून आणावा, थ्रॉटल बॉडीसाठी आईचे पाय नंतर धरावेत, असा विचार करून मी गावात निघालो. उकंडरावांच्या दुकानात पाने झेंडूखाली झोपले होते. सायकलवाल्याकडे तेच, सुताराकडे तेच. पाना कोणी दिला नाही, पण प्रसाद सगळ्यांनी दिला. शेवटची आशा गुलजारची होती. त्याचं गॅरेज तो आणि गोपाल भागीदारीत चालवतात.

गुलजारनं मला आतली आरास दाखवली. "गोपालनं पूजा मांडली अन् गावाले गेला," तो म्हणाला. "ईदले तो माह्यासाठी एकटा गॅरेज सांभाळते. अन् मी खंडेनवमीले त्याचा पाना उचलू काय, भाऊ?"

त्यानंही मला पेढा दिला.

घरी येऊन मी संजीवनीला सगळं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती ती इस्त्रीची साडी पुन्हा घडी करून कपाटात ठेवली आणि न चुरगळणारी काढली. मला फार वाईट वाटलं. पेढा होता तो तिला दिला.

दसऱ्याला आम्ही बसनंच देऊळघाटला पोचलो. वहिनी दारातच होत्या. त्यांनी साडीकडे बघितलं, आमच्या मागे रस्त्यावर बघितलं आणि विचारलं, "बस लेट होती काय?"

मी थ्रॉटल बॉडी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात संजीवनी शांतपणे म्हणाली, "गाडी पूजेत आहे आमची. मांडलेली पूजा आहे, मोडता येत नाही."

वहिनींनी पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. जेवायलाही त्यांनी तिला पहिल्या पंगतीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी गुलजारनं गळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं काढून थ्रॉटल बॉडी बसवली. पेडल आता लोण्यासारखं चालतं. ते काम त्यानं स्वतःच्या पान्यांनी केलं, कारण माझे पाने अजून उठलेले नाहीत. दिवाळी होऊन गेली तरी संजीवनी रोज सकाळी त्यांच्यावर ताजं फूल ठेवते, आणि फूल ताजं असताना पूजा मोडायची नाही, असं आईचं म्हणणं आहे. एरवी या दोघींचं चहातल्या साखरेवरही एकमत होत नाही.

काल पंखा घरघरत होता म्हणून मी उठून पेचकसाकडे नुसतं बघितलं. आईनं वाती वळणं थांबवलं आणि संजीवनीला हाक मारली.

"बाई, एक फूल याच्याही डोक्यावर ठेव."