टपालपेटीतले छर्रे

सोमवारी दुपारी तीन वाजता शेषराव गुरुजींनी टपालपेटी उघडली, तेव्हा तिच्यातून दोन पोस्टकार्डं, एक पाकीट आणि अकरा चिंचोके निघाले. मंगळवारी एक पाकीट, फुटक्या बांगडीचे चार तुकडे आणि पाटीवरच्या पेन्सिलीचं टोक निघालं. बुधवारी पत्र एकही नव्हतं. कोटाचं एक काळं बटण मात्र होतं.

१९६४ सालची ही गोष्ट. सुलतानपूरहून तीन मैलांवरच्या त्या गावात गुरुजी शाळेचे हेडमास्तर होते, आणि शाळेच्याच एका खोलीत चालणाऱ्या डाकघराचे पोस्टमास्तरही. लाल पेटी व्हरांड्यात, दगडी कट्ट्याच्या बरोबर वर टांगलेली होती.

"आपल्या मंजीचं काम असंन," बुधवारी जेवायला वाढताना अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. मंजी ही त्यांची नात, वय सव्वातीन वर्षं. लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून मंजी दिवसभर आजीच्या मागे असे. "तिले फट दिसली का हात राहत नाही तिचा. परवा दाराच्या फटीत चिंचोके कोंबले. काल जात्याच्या तोंडात बांगड्या. महिना झाला तुमाले सांगून राह्यली, एखाद्या डब्याले भोक पाडून द्या तिले."

"सरकारी पेटी आहे ती. पोरखेळ नाही."

"मंग मी काय म्हणून राह्यली? पोरखेळच म्हणून राह्यली."

गुरुजींनी भाकरी मोडली. त्याच उन्हाळ्यात ते बालशिक्षणाच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. परत आल्यावर त्यांनी देवळापुढे गावाला तासभर समजावून सांगितलं होतं, की मूल एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळत असेल तर रागावू नका. ते काहीतरी शोधत असतं. काय शोधतं ते बसून पाहा. बायकांत बसलेल्या अन्नपूर्णाबाईंनी ते मनावर घेतलं होतं. गुरुजींना घरी बसून पाहायला वेळ मिळाला नव्हता.

गुरुवारी पेटीतून लोखंडाचे सात छर्रे निघाले. सायकलच्या चाकात असतात तसले, तेल लागलेले. गुरुजींचा तपास तिथेच संपला. गावात सायकलचं दुकान एकच होतं, नारायणरावांचं. आणि डाकघर शाळेत ठेवण्यापेक्षा मोटारीच्या थांब्यावर असावं, म्हणजे लोकांना सोयीचं, असं ग्रामसभेत बोलणारा माणूसही एकच होता. तोही नारायणराव.

त्या संध्याकाळी गुरुजींनी वरिष्ठांना अहवाल लिहिला. वस्तूंची तारीखवार यादी दिली. शेवटी लिहिलं, "सदर छर्रे गावात केवळ नारायणराव यांचेकडे असतात. हेतू उघड आहे." पाकीट बंद करण्याआधी त्यांनी मजकूर पारावरच्या चौघांना वाचून दाखवला. शुक्रवारी सकाळी दोन गिऱ्हाइकांनी नारायणरावांच्या दुकानातून आपापल्या सायकली अर्धवट दुरुस्त अवस्थेत ढकलत नेल्या.

पुढच्या बुधवारी दुपारी दीड वाजता मेहकरहून डाकखात्याचे ओव्हरसियर भगवंतराव सायकलवर आले. पाणी प्याले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "टपालाशी छेडछाड म्हणजे गुन्हा आहे, गुरुजी. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर त्या माणसाला पोलिसात द्यावं लागेल. खोटं ठरलं तर हे डाकघर बंद करून सुलतानपूरला जोडावं लागेल. खोटी तक्रार करणाऱ्याच्या हाती टपाल ठेवता येत नाही. विचार करून सांगा."

"केलेला आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी नारायणरावांना बोलवायला माणूस पाठवला आणि पुरावा टेबलावर मांडला. चिंचोके, काच, पेन्सिल, छर्रे.

भगवंतरावांनी बटण उचललं. मग त्यांची नजर गुरुजींच्या काळ्या कोटावर गेली. दुसऱ्या बटणाच्या जागी टाचणी लावलेली होती.

"हे बटण कोणाचं?"

"तपास चालू आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी टाचणीवर हात ठेवला.

बोलण्याच्या नादात पेटीची किल्ली टेबलाच्या कडेला राहिली होती. ती कधी गेली ते दोघांनाही कळलं नाही. कळलं ते व्हरांड्यातून खरखर ऐकू आली तेव्हा. दोघांनी दारातून पाहिलं. कट्ट्यावर एक लहान मुलगी चवड्यांवर उभी होती आणि किल्ली पेटीच्या फटीत घालत होती. किल्ली आडवी धरल्यामुळे अडत होती. मुलीने ती बाहेर काढली, निरखून पाहिली, उभी केली आणि सोडली. आत टण्ण आवाज झाला.

"ही कोण?" भगवंतरावांनी विचारलं.

गुरुजींनी नजर दुसरीकडे वळवली. "गावातलीच... कोणाची तरी असेल."

मुलगी वळली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आबा! गेली!" ती ओरडली आणि धावत येऊन गुरुजींच्या धोतराला बिलगली.

भगवंतरावांनी आधी मुलीकडे, मग गुरुजींकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजले. तीनला थैली निघते. दुसरी किल्ली मेहकरला आहे. कुलूप उघडणारं गावात कोणी आहे?"

गावात कुलूप उघडणारा माणूस एकच होता, आणि तो त्याच वेळी तेलकट हात पुसत शाळेच्या फाटकातून आत येत होता.

"रामराम," नारायणराव व्हरांड्याखालीच थांबले. "चोर हजर हाय."

"नारायणराव, पेटीचं कुलूप उघडायचं होतं," गुरुजी जमिनीकडे पाहत म्हणाले.

"मी? अन् उद्या म्हणसान, पाहा, याले उघडता बी येते."

एवढ्यात मंजीने गुरुजींचं धोतर सोडलं आणि नारायणरावांपुढे तळहात पसरला. "छर्रा दे."

नारायणरावांनी सवयीने खिशात हात घालून एक छर्रा तिच्या हातावर ठेवला. "आजीसंग स्टो दुरुस्तीले घेऊन आली होती दुकानात. तवापासून ओळख हाय आमची. रोज एक-दोन नेते."

गुरुजी हळूच म्हणाले, "पेटीत हिनंच टाकले ते."

"जरा मोठ्यानं सांगा. दिवसभर ठोकठोक करून कान गेले माहे."

"हिनं टाकले!" गुरुजी ओरडले. खिडकीतून पाहणारी तिसरीची पोरं हसली आणि गुरुजींनी पाहताच खाली बसली.

"कागदावर आरोप केला तुमी," नारायणराव म्हणाले. "मंग माफीही कागदावर द्या. अन् टपालानं पाठवा. साऱ्या गावाले पत्र येते, मले जन्मात एक नाही आलं. कार्ड पेटीत पडू द्या, मग कुलूप उघडतो."

भगवंतरावांनी मान हलवली. "रास्त आहे. गुरुजी, मी अहवालात लहान मुलाचा खेळ एवढंच लिहितो. पण नारायणरावांचं समाधान झालं, असा त्यांचा अंगठा मला सोमवारपर्यंत मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर डाकघर सुलतानपूरला."

अंगठा, कारण नारायणरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

गुरुजी कार्ड घेऊन बसले. पंधरा मिनिटं त्यांचा टाक दौतीत बुडून लिहिण्याआधीच वाळत होता. जिल्ह्याच्या वाटेत हे कार्ड चार माणसं वाचणार होती, आणि ज्याला पाठवायचं तो वाचणारच नव्हता. शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या: "टपालपेटीबाबत काही गैरसमज झाल्याचे दिसते. तरी राग नसावा." कार्ड पेटीत टाकताना त्यांनी ते पालथं धरलं.

नारायणरावांनी सायकलची तार वाकवली आणि अर्ध्या मिनिटात कुलूप उघडलं. थैली भरली जात असताना त्यांनी अन्नपूर्णाबाईंकडून डालड्याचा रिकामा डबा मागवला. झाकणाला एक गोल, एक लांबट आणि एक चौकोनी भोक पाडलं, आणि मुलीचा हात कापू नये म्हणून तिन्ही कडा कानशीने गुळगुळीत केल्या. मग ते मंजीसमोर मांडी घालून बसले. भगवंतरावही उकिडवे बसले. मंजीने बांगडीचा तुकडा गोल भोकावर धरला. गेला नाही.

"आता?" भगवंतराव कुजबुजले.

"बोलू नका, साहेब. पाहू द्या तिले."

मंजीने तुकडा लांबट भोकावर नेला, अडला तसा वळवला, आणि तो आत पडला. दोघा प्रौढ माणसांनी एकमेकांकडे पाहून मोठं काम फत्ते झाल्यासारखा श्वास सोडला. ज्या कामाचं शिबीर गुरुजी करून आले होते, ते काम त्यांच्या व्हरांड्यात चाललं होतं, आणि गुरुजी आत एकटेच थैलीला लाख लावत बसले होते. लाख बोटावर सांडली तरी ते ओरडले नाहीत.

कार्ड शनिवारी आलं. नारायणराव धुतलेला सदरा घालून आले होते. सोबत बायको सरस्वतीबाई आणि सायकली परत नेलेली ती दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना नारायणरावांनी मुद्दाम बोलावलं होतं. चौघांपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं. गावात अशांची पत्रं पोस्टमास्तरच वाचून दाखवत असत.

"वाचा," नारायणराव म्हणाले आणि त्यांनी टोपी नीट केली.

गुरुजींनी कार्ड धरलं. समोर चार माणसं कान देऊन उभी होती. आयुष्यातलं पहिलं पत्र ऐकायला आलेला माणूस हात जोडल्यासारखे पुढे धरून उभा होता. दोन ओळी वाचायला सहा सेकंद पुरले असते.

"नारायणरावांस नमस्कार," गुरुजी म्हणाले आणि थांबले. मग कार्डाकडे पाहत सावकाश पुढे वाचू लागले. "मी आपल्यावर खोटा आळ घेतला. माझी बायको मला खरं काय ते सांगत होती, मी ऐकलं नाही. माझी नात माझ्या डोळ्यांपुढे खेळत होती, मी पाहिलं नाही. साहेबांनी ती कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी तिलाही ओळख दिली नाही. आपण तिला छर्रे मायेनं दिले आणि मी त्यांचा पुरावा केला. पारावर मी जे वाचून दाखवलं ते सारं खोटं होतं. ज्यांनी आपल्या सायकली नेल्या त्यांनी परत आणाव्यात. मला लाज वाटते. आपला, शेषराव."

गिऱ्हाइकांपैकी एकाने खाकरून सायकल दुपारी आणतो म्हणून सांगितलं. सरस्वतीबाईंनी पदराने डोळे टिपले.

नारायणरावांनी कार्ड मागून घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं, दुसरीवर ठेवलं, आणि बोट पुढे सरकवलं तर खाली नुसतं कोरं कार्ड होतं. त्यांनी वर पाहिलं. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नारायणरावांनी कार्डाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

"आणा शाई," ते म्हणाले आणि साहेब ठेवून गेलेल्या कागदावर अंगठा दाबून उमटवला. बाकीचे फाटकाकडे गेले, तसे ते दारात थबकले आणि मागे वळून हळू आवाजात म्हणाले, "वाचता चांगलं तुमी, गुरुजी. लिहाचं तेवढं पाहा."