झाड कुणीच घेईना

टुंग.

दुपारच्या शांततेत एवढासा आवाज, पण तिचा श्वास जागच्या जागी थांबला. बाळ नुकतंच झोपलं होतं. पत्त्यांच्या बंगल्याखालून पत्ता ओढावा तसा तिने त्याच्या मानेखालून आपला हात काढला होता. एक पाय पलंगावर, एक जमिनीवर. बाळाची पापणी हलली, थांबली.

टुंग-टुंग.

बाळाने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग तोंड.

रडणारं बाळ खांद्यावर टाकून ती बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दारात नवरा नुसत्या मोज्यांवर उभा होता. हातात मुठीएवढं काळं यंत्र, तेही असं जपून धरलेलं, की जणू पेटती मेणबत्ती वाऱ्यातून न्यायची आहे.

"एक टुंग म्हणजे हद्दीत आलात. दोन टुंग म्हणजे हद्दीबाहेर," तो हरखून म्हणाला. "घराची हद्द टाकलीय मी यात. चाचणी! गंमत बघ, ओट्यापाशी गेलं की दोनदा वाजतं."

"म्हणजे ओटा आपला नाही?"

"यंत्राच्या मते शेजाऱ्यांचा."

"मग संध्याकाळची भांडी त्यांच्याकडे नेऊन द्या."

"अगं, घरात उपग्रहाचा सिग्नल भरकटतो. उघड्यावर बघ कसं चालतं ते!"

उघडं म्हणजे डोंगरावरचं. सासऱ्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने तरुणपणी आडरानात जमिनीचा एक तुकडा घेतला होता. रस्ता संपल्यावर झाडोऱ्यातून चढत जायचं, तेव्हा ती जमीन लागायची. दोघा भावांनी ती अर्धी अर्धी केली, मधे दगड पुरले, आणि पुढे दगडांवर काय काय उगवलं ते त्या दगडांनाच ठाऊक. आता तिथे नांदत होतं एकच, एक भलंमोठं झाड. ते नेमकं हद्दीच्या आसपास होतं, आणि 'आसपास' हा शब्द तिच्या नवऱ्याला सहन होत नसे. त्याचं औषधांचं दुकान होतं. थेंब मोजणारा माणूस.

थोरल्या काकांचा मुलगा, म्हणजे दादा, गाडी शिकवण्याची शाळा चालवायचा. दुसऱ्यांना रस्ता दाखवण्यात हयात गेल्यामुळे स्वतः कुणाला रस्ता विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. रविवारी दोघांनी मिळून मधे तार ओढायची, असं ठरलं होतं. खांब आणि तारेची भेंडोळी टेम्पोतून डोंगराखाली जाऊनही पडली होती. प्रश्न एवढाच, की रेष कुठली धरायची.

"सरकारी मोजणी होऊ द्या ना आधी," ती म्हणाली होती.

"ती होईल तेव्हा होईल. तोवर भिंगरीचं लग्न होईल."

भिंगरी म्हणजे त्यांची थोरली लेक. तिला लग्नाची घाई नव्हती, झोक्याची होती. भाड्याच्या घरात छताला कडी ठोकायला मालक देईनात, तेव्हा एका रडव्या संध्याकाळी आईने कबूल केलं होतं, "डोंगरावरच्या मोठ्या झाडाला बांधू हं तुझा झोका." तेव्हापासून भिंगरी झोक्याचा दोर गळ्यात घालून जेवत होती. आणि झाड तारेच्या पलीकडे गेलं तर काय, हे तिच्या आईला तिला सांगता येत नव्हतं.

यंत्र निवडायला नवऱ्याने दुकान सोडून सगळीकडे लक्ष घातलं. एका यंत्राची बॅटरी टिकायची नाही, एकाचा पडदा उन्हात दिसायचा नाही. शेवटी हे काळं आणलं. तिकडे दादाने फोनवर अ‍ॅप घेतलं. रोज रात्रीच्या जेवणाआधी दोघांचा फोनवर सामना रंगायचा.

"अरे, माझ्या अ‍ॅपमध्ये आपली जमीन हिरवी दिसते, रेष तांबडी. लहान पोराला कळेल!"

"लहान पोरांसाठीच आहे ते, दादा. खेळणं आहे. डोंगरावर नेटवर्क गेलं की काय करशील?"

"नकाशा आधीच उतरवून ठेवलाय. तुझा तो साबणाचा तुकडा पावसात भिजला की फेस तेवढा येईल."

यंत्राची माहितीपुस्तिका मात्र घरात एकाच माणसाने वाचली. बाळाला पाजायला बसलं की एक हात मोकळा असतो, आणि त्या हाताला जे लागेल ते ती वाचायची. त्यात लिहिलं होतं, की हे वाट शोधण्यासाठी आहे. जमिनीच्या रेषेत काही पावलांचा फरक पडू शकतो, दाट झाडाखाली जास्तच. तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

"कंपनीला लिहावंच लागतं तसं," नवरा म्हणाला. "खोकल्याच्या औषधावर नाही का लिहीत, झोप येईल म्हणून?"

"येतेच की झोप!"

"तुला बाटली बघूनही येते."

ती जांभई दाबत पुढचं पान वाचायला लागली.

रविवारी सकाळी वरात डोंगर चढली. पुढे दादा, फोन उंच धरून, मागे नवरा, यंत्र छातीशी धरून. दोघं दोन वाटांनी गेले आणि दोघंही एकाच काटेरी जाळीत भेटले. मग खांब वाहणारे गडी आपल्या नेहमीच्या पायवाटेने गेले, आणि सगळे त्यांच्या मागून. झाडाखाली दादाच्या बायकोने, म्हणजे तिच्या जाऊबाईंनी, सतरंजी पसरली, जेवणाचे डबे मांडले. बाळाला दुपट्यावर निजवलं. भिंगरी मान वर करून फांदी निवडत होती.

"हं, दादा, काय म्हणतंय तुझं खेळणं?"

दादा फोनकडे बघत होता. त्याने फोन फिरवला, मग स्वतः फिरला. मग फोन बंद करून चालू केला.

"तू सांग आधी."

नवऱ्याने यंत्र झटकलं. थर्मामीटर झटकावा तसं. "तू मोठा. आधी तू."

"अहो, सांगा ना कुणीतरी," जाऊबाई म्हणाल्या. "डबे गार होतायत."

नवरा खाकरला. "माझ्या यंत्राप्रमाणे रेष झाडाच्या अलीकडून जाते. म्हणजे झाड दादाचं."

भिंगरीचा हात दोरावर घट्ट झाला.

"आणि माझ्या अ‍ॅपप्रमाणे," दादा अपराध्यासारखा म्हणाला, "रेष झाडाच्या पलीकडून जाते. झाड तुझं."

तिने आणि जाऊबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. आता काय, एकाने 'बरं, तुझंच बरोबर' म्हणायचं आणि प्रश्न मिटला! झाड हवं असेल तर नवऱ्याने अ‍ॅप खरं मानायचं होतं. दादाला हवं असेल तर त्याने यंत्र. इतकं सोपं होतं.

"झाड तुझं आहे, दादा," नवरा म्हणाला.

"मुळीच नाही. तुझं आहे."

"माझं यंत्र खोटं बोलत नाही!"

"आणि माझं अ‍ॅप काय थापा मारतंय? घे म्हणतो ना झाड!"

"नाही घेणार! तू घे!"

"मी फुकटचं झाड घेणारा वाटलो तुला?"

"अहो," ती कळवळून म्हणाली, "ते देतायत तर घ्या ना! पोरीचा झोका..."

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"माझाही!" दादा गरजला. "मी माझ्या रेषेवर तार ओढणार. मग हे झाड कुणाच्या गळ्यात घालायचं ते बघू!"

"मी माझ्या रेषेवर ओढतो!"

वडिलोपार्जित जमिनीवरून भाऊ भाऊ भांडलेले सगळ्यांनीच पाहिले असतील. पण 'हे तुझं, हे तुझं' म्हणत एकमेकांवर धावून जाणारे पाहून गड्यांना कळेना, की सोडवायचं कुणाला. शेवटी त्यांनी खांब पुरायला घेतले. झाडाच्या या अंगाला नवऱ्याची तार सरकत निघाली, त्या अंगाला दादाची. खालच्या टोकाला कडा होता, वरच्या टोकाला ती काटेरी जाळी. मधल्या पट्ट्यात सतरंजी, डबे, दुपट्यावरचं बाळ आणि दोघी जावा.

"अगं, आपण कोंडल्या जातोय," जाऊबाई कुजबुजल्या.

"जाऊ द्या, ताई. इथे कुणी चहा मागणार नाही."

जाऊबाईंना एवढं हसू आलं, की त्यांनी तोंडात पदर कोंबला. बाळ उठेल म्हणून तिनेही आपली ओढणी कोंबली. दोघींचे खांदे गदगदत होते. मग जाऊबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आण गं भिंगरे तो दोर. झाड कुणाचंच नाही ना? मग आपलं."

दोर फांदीवरून गेला. गाठ जाऊबाईंनी मारली, आणि दोघींनी आधी स्वतः बसून पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. गाठीची खात्री करायला नको का?

तारा ताणून झाल्या आणि दोघे भाऊ घामाघूम होऊन आपापल्या बाजूला उभे राहिले. छाती फुगलेली. मग दोघांनाही एकदमच भुकेची जाणीव झाली. आणि मग, डबे कुठे आहेत याची.

"अगं, डबा दे इकडे."

"हद्दीबाहेर कसा देऊ?" ती गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या यंत्राला विचारा."

"वहिनी, तुम्ही तरी!" नवऱ्याने जाऊबाईंकडे पाहिलं.

"आमच्या जमिनीत यायचं तर वाकून यावं लागतं," जाऊबाई डबा उघडत म्हणाल्या.

दादा पोटावर सरपटत तारेखालून आला. नवऱ्याची विजार तारेत अडकली आणि चर्रकन आवाज झाला. फाटलेला भाग हाताने झाकत तो सतरंजीवर येऊन बसला. पहिला घास पोटात गेल्यावर दादा म्हणाला, "तुझी तार सरळ आलीय हं."

"तुझे खांब जास्त पक्के आहेत," नवरा म्हणाला.

"परत सुरू करू नका!" दोघी एकदमच ओरडल्या.

भिंगरीने काळं यंत्र केव्हाच पळवलं होतं. ते गळ्यात अडकवून ती झोक्यावर चढली. आईने मागून हलकेच ढकललं, मग जोरात. झोका या तारेवरून त्या तारेवर जायला लागला. या बाजूला टुंग, त्या बाजूला टुंग-टुंग. यंत्र बिचारं दाट फांद्यांखाली भांबावून गेलं होतं, पण बोलत होतं हौसेने. बाळ जागं झालं आणि रडायचं विसरून हसायला लागलं.

"आई! मी आपल्याकडे आले!" टुंग. "मी मोठ्या काकूकडे गेले!" टुंग-टुंग. "आले! गेले!"

सगळे घास हातात धरून बघत राहिले. मग झोका हळू होत होत अगदी मधोमध थांबला. यंत्रही गप्प झालं. भिंगरीने ते कानाला लावून पाहिलं, हलवून पाहिलं आणि मान मागे टाकून उलट्या डोळ्यांनी आईकडे पाहिलं.

"आई, आता हे काहीच म्हणत नाही. मग मी आता कुणाची?"