चारशे कोटी मजले वर

"हात्तिच्या! एवढंच ना? लिफ्ट मी चालू करून देतो. आणि तिच्या प्रोग्रामचं एक अक्षरही न बदलता!"

इमारतीच्या बैठकीत आमच्या कर्नलसाहेबांनी ही डरकाळी फोडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने तेवढा कपाळाला हात लावला. लग्नाची बायको ती, तिला अनुभव होता!

हे कर्नलसाहेब सैन्यातले नव्हेत बरं का! बंदूक राहू द्या, या गृहस्थाने झुरळं मारायचा फवारासुद्धा कधी धड धरलेला नाही. हे काम करतात कॉम्प्युटरच्या पोटातल्या कर्नलवर. कर्नल म्हणजे तिथला कारभारी. कुठल्याही प्रोग्रामला काहीही हवं असलं, तरी आधी त्याच्याकडे अर्ज करायचा. "मालक, तेवढी फाईल उघडा." "मालक, तेवढी लिफ्ट तिसऱ्यावर न्या." साहेब उठताबसता याच कारभाऱ्याचं कौतुक सांगायचे, म्हणून इमारतीने त्यांना नाव ठेवलं कर्नल. वॉचमन तर सलामच ठोकायचा!

झालं होतं असं, की लिफ्टचा जुना कॉम्प्युटर गचकला. नवा आणायला कोणाची ना नव्हती, पण लिफ्ट चालवणारा प्रोग्राम पडला आजोबांच्या काळातला. तो अर्ज लिहिणार बत्तीस चौकटींच्या कागदावर, आणि नव्या कॉम्प्युटरचा कर्नल घेणार चौसष्ट चौकटींचा कागद. त्या दोघांच्या मध्ये साहेबांनी एक दुभाषा बसवला. छोट्या कागदावरचा अर्ज घ्यायचा, मोठ्यावर उतरवायचा, पुढे सरकवायचा. झालं काम!

लिफ्ट चालू झाली. साहेबांनी तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत एकेक बटण स्वतः दाबून पाहिलं. तळघराचं मात्र पाहिलं नाही. तळघरात उभ्या राहतात गाड्या, आणि साहेबांची सायकल फाटकाशी. तळघराशी त्यांचं देणंघेणंच काय!

आणि त्याच दिवशी बायकोची पहिली मोठी ऑर्डर होती. आजवर तिने शेजारीपाजारी वाढदिवसांचे केक केलेले. हा होता चक्क चार थरांचा, माथ्यावर साखरेची शुभ्र दाढ! एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं, आणि केक न्यायला त्या स्वतःच गाडी घेऊन तळघरात येणार होत्या. (दातांचा दवाखाना आणि केक! धंद्याची पेरणीच म्हणा ना.) हा केक धड पोचला, तर पुढच्या ऑर्डरी मिळणार. नाही पोचला, तर गावभर बोभाटा.

"मी जिन्यानेच नेते," बायको म्हणाली.

"चार थरांचा केक जिन्याने? घरात कर्नल असताना?" साहेब दुखावले. "तू खाली जाऊन बाईंच्या गाडीत जागा कर. केक लिफ्टने येईल. सासूबाई आणतील!"

सासूबाई म्हणजे बायकोची आई, चारच दिवस राहायला आलेल्या. बाई मोठ्या धीराच्या, फक्त एक खोड. काळजी वाटली की त्यांचं तोंड चालू होतं. लेकीच्या परीक्षा असल्या की वजन यांचं वाढायचं! त्यांनी दोन्ही हातांत केक सांभाळला, साहेबांनी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून दिलं, आत हात घालून 'वजा एक' लिहिलेलं तळघराचं बटण दाबलं, आणि दार मिटलं.

थोड्या वेळाने बायकोचा फोन. "अरे, आई निघाली का?"

"केव्हाच!"

"मग आहे कुठे?"

साहेबांनी लिफ्टवरचा दिवा पाहिला. सात! आणि बाण वर! साहेब जिन्याने वर सुटले.

धापा टाकत गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत पोचले. लिफ्ट बरोब्बर त्यांच्या पायाखाली, सातव्यावर अडकलेली. आतून आवाज आला, "जावईबापू, ही बया खाली जायचं सोडून वर का आलीय? आणि मघापासून आणखी वर जायला बघतेय!"

"घाबरू नका, सासूबाई!"

"मी कशाला घाबरू? पण ती दाढ पडली हो. धक्का बसला ना."

"मग उचलून ठेवा!"

"ठेवली," सासूबाई म्हणाल्या. मागोमाग कडाकडा चावल्याचा आवाज आला.

साहेबांनी जगातला सगळ्यात जुना उपाय केला. कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. आता गंमत अशी, की हा प्रोग्राम जागा झाला की पहिलं काम काय करतो? लिफ्टला तिच्या मुक्कामी पाठवतो. आणि तिचा मुक्काम कुठे? तळघरात! लिफ्टने जराशी खाली मान घातली आणि पुन्हा वर उसळी मारली. धाड!

"वरचा थर गेला!" आतून बातमी आली. "पण काळजी करू नका, मी वाया जाऊ देत नाही."

"सासूबाई, खाऊ नका!"

"मग लिफ्ट पुसत बसू का?"

पुन्हा फोन. "काय चाललंय वर? डॉक्टरीणबाई घड्याळ बघतायत! दवाखान्यात त्यांचे पाहुणे येऊन बसलेत!"

"जरा तांत्रिक अडचण आहे."

"सरळ मराठीत सांग!"

साहेबांनी पडद्यावरचा आकडा वाचला. "लिफ्टला सांगितलं वजा एक मजल्यावर जा. तिने ऐकलं, चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णवाव्या मजल्यावर जा."

"अरे, आपली बिल्डिंग सात मजली आहे!"

"तेच तिला पटत नाहीये."

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. छोट्या कागदावर वजाची खूण असते अगदी पहिल्या चौकटीत. साहेबांच्या दुभाष्याने आकडा मोठ्या कागदावर उजवीकडे उतरवला आणि डावीकडच्या रिकाम्या चौकटींत शून्यं भरून टाकली. खूण पडली अधेमध्ये! तिथे तिला वजा कोण म्हणणार? ती झाली नुसता आकडा, तोही अगडबंब. आकडा वजा असेल, तर डावीकडे शून्यांऐवजी एक भरायचे, एवढीच काय ती दुरुस्ती. एक ओळ! पण ती एक ओळ लिहिताना साहेबांनी देवाचं नाव किती वेळा घेतलं, ते देवच जाणे.

"सासूबाई, आता पुन्हा चालू करतो. एक शेवटचा धक्का बसेल!"

"बसू द्या," आतून भरल्या तोंडाने उत्तर आलं. "दुसराही थर मघाशीच कलंडला. आता पडण्यासारखं फारसं उरलं नाही."

लिफ्ट हलली. क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि शहाण्या मुलीसारखी खाली निघाली!

साहेब गच्चीपासून जिन्याने धावत तळघरात पोचले, तोवर दार उघडलेलं होतं. सासूबाईंच्या हातात केक. दोन थर. वरची मलई बोटाने छान सारखी केलेली. सासूबाईंना पांढरी मिशी.

"चार थर ठरले होते ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायकोचा चेहरा असा उतरला, की साहेबांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण वजा दोनवर जावं. डॉक्टरीणबाईंनी आपल्या गाडीची डिकी उघडली, केक आत ठेवून पाहिला आणि झाकण लावलं. वर बोटभर जागा उरली.

"अगं बाई! चार थर मावलेच नसते की!" त्या हसायला लागल्या. "बरं झालं बाई, तुम्ही अंदाज घेऊन केलात. पुढच्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला तुमचाच केक!"

गाडी गेली. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबांनी लगेच छाती फुगवली. "पाहिलंस? शेवटी माझ्या दुभाष्यानेच काम केलं!"

सासूबाईंनी पदराने मिशी पुसली.

"कसलं काय! चारातून दोन वजा केले ते मी. तुम्हाला वजा जमत नाही हे आधीच बोलला असतात जावईबापू, तर मी घरातच करून आणले असते!"