सुधाकररावांचं वजन आणि विमानाचा पाय

विमानाचं चाक खराब जमिनीमुळे मोडतं, यावर सुधाकररावांचा काडीचा विश्वास नव्हता. दिल्लीच्या सरकारी कार्यालयात बसून त्यांनी छोट्या विमानांच्या अपघातांच्या ढीगभर फायली निकालात काढल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकच शेरा मारला होता: पायलटची चूक. स्वतः ते छोट्या विमानात कधी बसले नव्हते, त्यामुळे मत एकदम पक्कं होतं.

म्हणूनच पुण्याच्या कॅप्टन रसिकाने आपलं नवं दोन आसनी विमान फरीदाबादपलीकडच्या माळावर उतरवून दाखवायचं ठरवलं, तेव्हा ते ऐटीत म्हणाले, "मी जातीने बसून बघतो!" विमान खडबडीत जमिनीसाठीच बनवलेलं होतं. सुधाकररावांनी पास केलं, तर रसिकाच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचं चीज. नाहीतर गाशा गुंडाळून पुण्याला परत. रविवार असल्याने गंमत बघायला सुधाकररावांची बायको कुमुदही दिल्लीतल्या द्वारका भागातल्या घरून सोबत आली होती.

"सर, तुमचं वजन?" रसिकाने विचारलं. "अशा जमिनीवर सगळा भार चाकांच्या पायांवर येतो. अगदी नेमकं सांगा."

इथेच घोळ झाला. कुमुद शेजारीच उभी होती. तिने नवऱ्याला वर्षभर दुधीच्या रसावर ठेवलं होतं. सुधाकरराव तो रस निमूट पीत आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये छोले-भटुरे हाणून तोंडाची चव बदलत. ऑफिसातल्या काट्यावर मोजून आलो असं सांगत त्यांचं वजन घरी दर आठवड्याला उतरत होतं, अर्थात तोंडी.

"अठ्ठ्याहत्तर," सुधाकरराव म्हणाले.

कुमुदचा चेहरा अभिमानाने फुलला. रसिकाने एकवार त्यांच्या पोटाकडे पाहिलं, पण सरकारी माणसाला खोटं कोण पाडणार? तिने त्या हिशेबाने इंधन भरलं.

हवेत सगळं झकास झालं. उतरताना मात्र विमानाने एक उडी मारली, दुसरी मारली आणि खालून काड्कन आवाज आला. डावा पाय मोडला! विमान पोटावर घसरत, धुरळा उडवत, एका बाजूला कलंडून थांबलं. सुधाकररावांनी सुरू केलेलं रामनाम त्यानंतरही बराच वेळ चालू होतं.

दोघांनाही ओरखडासुद्धा आला नव्हता. पण रसिका मोडक्या पायाशी मटकन खाली बसली.

"भार मोजूनच निघाले होते, सर. म्हणजे उतरवताना माझंच काहीतरी चुकलं. लिहा तुम्ही."

लिहायला काय, शेरा तोंडपाठ होता. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून सुधाकररावांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तेवढ्यात कुमुद धापा टाकत येऊन पोहोचली. त्यांनी डोळे मिटून सांगून टाकलं.

"कॅप्टन, चूक तुमची नाही. मी चौऱ्याण्णव किलोचा आहे."

"अहो, आणि दुधी?" कुमुदने विचारलं.

"प्यायलो की. वर छोले-भटुरे."

रसिका ताडकन उठली. नुसत्या सोळा किलोंनी पाय मोडेल, हे तिला पटेना. चाकांच्या खुणा बघत ती मागे गेली, गवत बाजूला केलं आणि तिथूनच ओरडली, "सर, इथे नाली आहे! गवतात दिसलीच नाही. अशा नालीत चाक अडकलं तर पाय मोडावा पण माणसं वाचावीत, असाच बनवलाय तो. तुम्ही खरंच अठ्ठ्याहत्तरचे असतात, तरी मोडला असता."

"मग विमान पास!" सुधाकरराव म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. छाती पुढे काढून ते बायकोकडे वळले.

"ऐकलंस ना? माझ्या वजनाचा काही संबंध नव्हता."

"विमानाशी नव्हता," कुमुद म्हणाली.