शिरगावकर काकांची रशियन पोरं

तरुण मूल खूश दिसलं की शिरगावकर काकांना काळजी वाटते. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत सगळी पोरं स्टेजवर नाचत असतात आणि एखादी मुलगी कानात इअरफोन घालून, तोंड पाडून कोपऱ्यात बसलेली असते. बाकीचे तिला "अगं, तूही जा ना" करतात. काका मात्र खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसतात आणि विचारतात, "कशाचा कंटाळा आलाय? सविस्तर सांग. कंटाळा ही गंभीर गोष्ट आहे." माझी चौदा वर्षांची इरा आमच्याशी दिवसाला चार शब्द बोलते, तेही डचमध्ये. काकांशी ती दीड तास बोलली. काय बोलली, ते काका मला अजून सांगत नाहीत, आणि या गोष्टीचा मला मनापासून राग आहे.

आम्ही अ‍ॅमस्टरडॅमजवळ बाडहूव्हडॉर्पला भिंतीला भिंत लावून राहतो. काका मूळचे मिरजेचे. ऐंशीच्या दशकात शिष्यवृत्ती मिळवून लेनिनग्राडला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे होस्टेलच्या जिन्यात केस वाढवलेली, गिटार घेतलेली रशियन पोरं दिवसभर बसलेली असायची. शिक्षण, नोकरी, सभेत कधी टाळ्या वाजवायच्या, सगळं त्यांच्यासाठी आधीच ठरलेलं होतं आणि त्यातलं त्यांना काहीच नको होतं. फिल्म शिकणाऱ्या एका मित्राने त्यांच्यावर पाऊण तासाचा माहितीपट केला. त्यात काकाही आहेत. चार सेकंद ते बटाट्यांची पिशवी घेऊन जिना चढतात. नव्या माणसाला ते सांगतात, "माझं एका रशियन फिल्ममध्ये काम आहे." बटाट्यांचं मागून काकू सांगतात.

दोन वर्षांपूर्वी त्या मित्राने ही फिल्म कॉम्प्युटरवर पाठवली आणि काकांनी चंग बांधला, की इथल्या मराठी पोरांना ती मराठी सबटायटल्ससकट दाखवायची. इंग्रजी का नाही, असं मी विचारलं. "आई-बापावरचा राग घरच्याच भाषेत नीट कळतो," काका म्हणाले. काका स्वतःच भाषांतराला बसले आणि मग सुरू झाले फोन. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असायचे.

"सुनीता, हल्लीची पोरं दार आपटताना काय म्हणतात गं?"

"काही म्हणत नाहीत काका. नुसतं आपटतात."

"अरेरे. इथे तर पूर्ण वाक्य आहे."

मंडळाच्या अध्यक्षांनी आधी हात झटकले. रशियन पोरांची रडगाणी बघायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड म्हणून पत्रकावर 'मिसळ' मोठ्या अक्षरांत आली आणि फिल्म तिच्याखाली बारीक. अ‍ॅमस्टेलव्हीनचा एक हॉल शनिवारी दुपारी मिळाला. काकांनी एक पत्रक पाकिटात घालून डेल्फ्टला पाठवलं, निखिलला.

निखिल त्यांचा मुलगा. त्याच्याबद्दल मला काकूंनीच सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता. डेल्फ्टला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तो घरी येऊन म्हणाला, मला हे नकोय. तेव्हा काका म्हणाले होते, "कंटाळा सगळ्यांनाच येतो. म्हणून कुणी शिक्षण सोडतं का?" निखिलने सोडलं. आता तो तिथेच सायकली दुरुस्त करतो. रविवारी फोन करतो, बाबांनी उचलला तर "आई आहे का?" एवढंच विचारतो. "जगातल्या पोरांचं ऐकायचं वेड यांना त्यानंतर लागलंय," काकू म्हणाल्या. "कार्यक्रमाला तो आला, तर बाकी कुणी नाही आलं तरी यांना चालेल."

कार्यक्रमाला आठ दिवस असताना काकांनी तयार फिल्म इराला दाखवली. पाच मिनिटांनी ती हळूच म्हणाली, "काका, आय कान्ट रीड धिस."

तिला देवनागरी वाचता येत नाही. इथे वाढलेल्या एकालाही येत नाही, निखिललाही नाही. मराठी कळतं सगळ्यांना. पण ते आजीच्या फोनवरचं, कानांनी कळणारं. ही गोष्ट दोन वर्षांत काकांच्या, काकूंच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. सगळं मुसळ केरात. काकांनी फिल्म थांबवली. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच चहा टाकला.

"बट इफ यू से इट, आय अंडरस्टँड," इरा म्हणाली.

शनिवारी काका पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहिले. हॉल मिसळीच्या वासाने आणि माणसांनी भरला होता. फिल्म सुरू झाली आणि पासष्ट वर्षांचे काका सगळ्यांचं बोलायला लागले. गिटारवाला तेच, जिन्यातली मुलगी तेच, पोरांवर ओरडणाऱ्या होस्टेलच्या बाईही तेच. पोरं आधी खोखो हसली. मग हसू थांबलं, आणि मागच्या रांगांतली पुढे येऊन जमिनीवर बसली. बटाट्यांच्या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या. काकांच्या आवाजात अशी धार मी कधी ऐकली नव्हती. मधेच कधीतरी मी वळून पाहिलं, तर दाराशी निखिल उभा होता.

शेवटाकडे स्वयंपाकघरातला प्रसंग आहे. साशा नावाचा मुलगा वडिलांसमोर बसून म्हणतो, "मी सांगायला आलो होतो की मला हे जमत नाहीये. तुम्ही ऐकलंच नाही." काकांनी हे वाक्य दोनदा सुरू केलं आणि तिसऱ्यांदा पूर्ण केलं. त्यानंतर वडील गप्प बसून राहतात. मी सबटायटल्स तीनदा तपासली होती. तिथे एक शब्द नाही. पण माईकमधून आवाज आला, "माझं चुकलं रे. तू बोल, मी ऐकतो."

फिल्म संपल्यावर पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. अध्यक्ष तर पुढच्या फिल्मचंच विचारायला लागले. त्या गर्दीतून निखिल पुढे आला.

"बाबा, त्या माणसाचे ओठ बंद होते," तो म्हणाला. "तो काहीच बोलला नाही."

"नाही बोलला," काका म्हणाले. "ते मी बोललो."

माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करते.

"पहिली वीस मिनिटं मी बाहेरच उभा होतो," निखिल म्हणाला. "परत लावाल?"

काकांचा आवाज पार बसला होता. त्यांनी माईक उचलला आणि सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. मिसळ गार झाली, आणि निखिल पहिल्या रांगेत बसला.