तेल तळाला

पोलादपूरच्या डोंगरमाळ शिक्षण मंडळाने गेल्या जूनमध्ये आपल्या सर्व शाळांना ‘घरोघरी विज्ञान’ नावाची पत्रिका पाठवली. ग्लासात मध, लाल पाणी आणि गोडेतेल ओतावे. जड ते खाली बसते, हलके ते वर राहते. मुलाचा ग्लासासह फोटो मंडळाकडे पाठवावा. सोबत चित्र होते. चित्रातला ग्लास वरून-खालून सारखाच, म्हणून छापखान्याने ते उलटे बसवले. मध वर, तेल तळाला.

माझे वडील, महिपती गुरुजी, उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत मंडळाच्या शाळेत शिकवत. वर्गात अकरा मुले. अकराही जणांनी जास्वंदीच्या पाकळ्या चुरून पाणी लाल केले आणि अकराही घरांत तेल वर आले. फोटो परत आले. शेरा होता, ‘थरांचा क्रम मंजूर चित्राप्रमाणे नाही.’

बाबांनी कळवले की चित्र उलटे आहे. मंडळाने कळवले की चित्र मंजूर आहे, तेल तपासावे. बाबांनी तेल बदलले. तेही वर आले. तेव्हा मंडळाने वाडीतला एकमेव दुकानदार रामा याच्याकडून ‘आपले तेल तळाशी का बसत नाही’ याचा लेखी खुलासा मागवला. रामाने ते पत्र दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी लावले.

“मंडळानं लिवून दिलंय, आपलं तेल हलकं हाय,” तो गिऱ्हाइकांना सांगे. “आता डाक्तरला भ्यायचं काम नाय.”

बाकीच्या शाळांनी मार्ग काढला. त्या फोटो उलटा करून पाठवू लागल्या. तेल खाली गेले, पण मुलेही उलटी दिसू लागली. लगेच परिपत्रक निघाले, ‘विद्यार्थी सरळ दिसावा.’ यावर खालच्या शाळेतल्या सूरज सरांनी तोडगा शोधला. मुलाला आंब्याच्या फांदीवर गुडघ्यांनी उलटे लटकवायचे, हातात ग्लास मात्र सरळ द्यायचा, आणि मग फोटो फिरवायचा. मूल सरळ, तेल तळाला. मुलींच्या वेण्या तेवढ्या आकाशाकडे गेल्या. परीक्षकांनी लिहिले, ‘मुलांच्या अंगावर विज्ञानाचा रोमांच दिसतो.’ सूरज सरांना शाल मिळाली.

बाबांनी एकाही मुलाला लटकवले नाही. त्यांच्या नोंदवहीत शेरा पडला, ‘प्रयोग अयशस्वी. शिक्षकांस वर-खाली कळत नाही.’

ऑक्टोबरात बाबा गेले. शेरा राहिला.

तो खोडून मिळावा, एवढ्यासाठी मी पोलादपूरला मंडळात गेले. समन्वयक अमिता मॅडमनी मला पाणी दिले आणि रीतसर थोडा वेळ मान खाली घातली. मी पिशवीतून बाबांचा ग्लास काढला आणि त्यांच्या टेबलावरच तिन्ही थर ओतले.

“तेल वर आलं हो,” त्या हळूच म्हणाल्या, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावे तशा.

“ते येतंच. आता तुमची पत्रिका जरा उलटी धरा.”

“उलटी धरली तर सूचना कशा वाचायच्या?” त्यांना माझी खरोखर काळजी वाटली असावी. “हे बघा, गुरुजींबद्दल आम्हाला आदरच आहे. त्यांच्या वर्गाचा एक, फक्त एक यशस्वी फोटो आणा. मागची तारीख घालू. शेरा जाईल, आणि इथल्या यशस्वी शिक्षकांच्या भिंतीवर त्यांचं नावही येईल.”

मी वाडीवर गेले. बाबांच्या वर्गातली दर्शना अंगणातल्या आंब्यावरच होती. तिची आजी रखमा तांदूळ पाखडत होती. मी सगळे सांगितले.

“गुरुजींच्या नावावरचं ते निघंल ना?”

“निघेल.”

“मंग टांग गो तिला. तशी पन रोज लोंबतेच. तिला खाली बोलवून बोलवून माझा घसा बसला.”

दर्शना फांदीला गुडघे अडकवून उलटी झाली. मी ग्लास तिच्या हातात दिला. तेल वर होते.

“ताई,” ती लोंबकळतच म्हणाली, “गुरुजी सांगायचे, जे दिसतं तेच लिवायचं. आता काय लिवू?”

“काही लिहू नकोस,” मी म्हणाले. “हस.”

शेरा गेला. मंडळाच्या भिंतीवर आता बाबांचे नाव आहे, सूरज सरांच्या खाली. बाबांनी जे कधी केले नाही, त्याबद्दल त्यांचा गौरव झाला आहे. शेजारी दर्शनाचा फोटो आहे, वेण्या छताकडे. येणारे-जाणारे थांबून कौतुक करतात.

मला बोल लावायचा असेल तर जरूर लावा. फक्त त्याआधी एक. यंदा ती पत्रिका तालुक्याबाहेरही गेली, सोबत रंगवायला कोरे चित्र जोडून. तुमच्या घरचे चित्र मंडळात पोचले आहे. मी पाहिले. खाली नाव मुलाचे आहे, पण रंग मोठ्या माणसाने भरला आहे, हे कळते. तेलाचा पिवळा अगदी तळाला, आणि कुठेही रेघेबाहेर गेलेला नाही.