कोपऱ्यातला अडथळा

मुद्रितशोधकाने प्रगत लघुकॅमेरा विकत घेतला, त्याला कारण झाले त्याच्या आत्याचे दात. नेमके सांगायचे तर, नसलेले दात.

आत्याचे दात होते तेव्हा ते चांगलेच पुढे होते. त्यामुळे सत्तर वर्षे ती हसली ती तोंडावर हात ठेवूनच. घरातल्या एकूण एक फोटोंत ती ओठ घट्ट मिटून, कुणीतरी हजेरी घेत असल्यासारखी उभी आहे. मग एकेक करून दात पडले, आणि शेवटचा पडला त्या दिवशी तिचा हात जो खाली आला तो आलाच. आता ती हसली की हनुवटी नाकाला भेटायला जाई, डोळे पार मिटत आणि खांदे गदागदा हलत. त्या हसण्यापुढे घरात कुणाचा राग टिकत नसे. मुद्रितशोधकाला आई आठवत नव्हती. त्याला वाढवले ते आत्यानेच. तिचे ते हसणे त्याला जिवापाड आवडायचे.

पण आत्याला कडक बिस्किट खायचे होते.

"चहात बुडवून बुडवून वीट आलाय रे," ती म्हणाली. "एकदा कुर्रकन चावू दे मला."

दंतवैद्याने मापे घेतली आणि कवळी बसवायला चौदा तारीख दिली. म्हणजे ते हसणे टिपायला हातात बावीस दिवस होते. एका फोटोला बावीस दिवस पुष्कळ झाले, असे कुणालाही वाटेल. मुद्रितशोधकालाही वाटले.

त्याच्या बायकोने त्याच संध्याकाळी फोन उचलला. "आत्या, इकडे बघा हं," असे ती म्हणते न म्हणते तोच त्याने फोनवर तळहात ठेवला.

"फोनने काढतात त्याला फोटो नाही म्हणत," तो म्हणाला. "हे काम नीट व्हायला हवं. एकदाच होणार आहे."

"बरं. तुम्हीच काढा मग," असे म्हणून बायकोने फोन ठेवून दिला. तिने तो पुन्हा उचलला नाही. ती दिलेला शब्द पाळणारी होती, आणि घरातले निम्मे प्रश्न त्यातूनच निर्माण होत.

कॅमेरा आला. तो साबणाच्या वडीएवढा होता आणि त्याची माहितीपुस्तिका उशीएवढी. मुद्रितशोधकाने चारशे बारा पाने इमानेइतबारे वाचली, त्यांत शुद्धलेखनाच्या त्रेसष्ट चुका काढल्या आणि कंपनीला कळवल्या. यात पाच दिवस गेले. कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य पान दोनशे सत्त्याऐंशीवर होते. त्याचे नाव 'स्मितवेध'. समोरचा माणूस हसला की कॅमेरा आपण होऊन फोटो काढतो. मालकाने बटण दाबण्याची गरज नाही, आणि म्हणून तशी परवानगीही नाही.

आत्याला खिडकीपाशी बसवण्यात आले. तिने कॅमेऱ्याकडे पाहिले, मग कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटून बसलेल्या भाच्याकडे पाहिले आणि ती मनापासून हसली. कॅमेरा ढिम्म. ती आणखी हसली. तेव्हा कॅमेऱ्याने खटाखट अकरा फोटो काढले. अकराही फोटो आत्याच्या मागे टांगलेल्या, दंतवैद्याने भेट दिलेल्या दिनदर्शिकेचे होते. तिच्यावरची बाई बत्तीशी दाखवत होती.

"अरे, बटण दाब की," आत्या म्हणाली.

"आत्या, बटण दाबायचे कॅमेरे साधे असतात. हा प्रगत आहे."

"मग त्या बाईचाच फोटो लाव घरात," आत्या म्हणाली आणि पुन्हा हसली. तेही कॅमेऱ्याला दिसले नाही.

स्मितवेध बंद करता येत होता. पण पुस्तिकेत स्पष्ट म्हटले होते की, ही सुविधा बंद केल्यास सदर कॅमेरा सामान्य समजण्यात येईल. सामान्य कॅमेऱ्यासाठी आपण एवढे वाचन केले काय, असे मनात येऊन मुद्रितशोधकाने ते पान उलटले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो कंपनीच्या कार्यालयात गेला. तिथे पूर्वी 'तक्रार खिडकी' होती. आता पाटीवर पांढरा रंग फासून 'अनुभव कक्ष' असे लिहिले होते. रंग पातळ लागल्यामुळे 'तक्रार'चा 'र' अजून खालून डोकावत होता. मुद्रितशोधकाची नजर साहजिकच तिथेच गेली. खिडकीमागे अनुभव अधिकारी बसल्या होत्या.

"माझी एक तक्रार आहे," तो म्हणाला.

"आमच्याकडे तक्रारी येत नाहीत," बाई गोड हसून म्हणाल्या. "गेल्या दोन वर्षांत एकही आलेली नाही. तुम्हाला काही अनुभव आलाय का?"

"कॅमेऱ्याला माझ्या आत्याचं हसू दिसत नाही."

"छान. सौम्य, मध्यम की संस्मरणीय?"

"काय?"

"अनुभव. तीनच रकाने आहेत."

त्याने मध्यम सांगितले. बाईंनी संस्मरणीयवर खूण केली; त्याने कार्यालयाची सरासरी सुधारते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मग विचारले, "आत्या हसल्या होत्या, याचा पुरावा?"

"मी स्वतः पाहिलं."

"तसं नाही चालत. हसल्याचा फोटो जोडावा लागेल. ह्याच कॅमेऱ्याने काढलेला."

"अहो, तोच तर निघत नाहीये!"

"म्हणजे कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे त्या हसल्याच नाहीत," बाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. घरात मोठी माणसे असली की असे व्हायचेच, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. मुद्रितशोधकाचे तोंड पडलेले पाहून त्यांनी एक वाट सुचवली. कॅमेरा निर्दोष असल्याचा दाखला मालक मंडळाकडून आणायचा. मग दोष दुसरीकडे आहे हे सिद्ध होईल आणि पुढची कार्यवाही करता येईल. दोष दुसरीकडे म्हणजे नेमका कुठे, हे विचारायचे मुद्रितशोधकाच्या लक्षात आले नाही. त्याला दाखला हा शब्द ऐकूनच बरे वाटले होते.

प्रगत लघुकॅमेरा मालक मंडळ दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरत असे. सदस्य सव्वीस होते. प्रत्येकाचा कॅमेरा मखमली पिशवीत, पिशवी डबीत आणि डबीत ओलावा शोषणारी पुडी. कॅमेऱ्याला हवा लागू नये याची सगळे अतोनात काळजी घेत. अध्यक्ष निवृत्त भूमापक होते. गेली अकरा वर्षे ते स्वतःच्या घरामागच्या विटांच्या भिंतीचे फोटो काढत होते.

"माणसांचे नाही काढत?" मुद्रितशोधकाने भीतभीत विचारले.

"माणूस हलतो," अध्यक्ष म्हणाले. "भिंत कधी फसवत नाही. चारी कोपऱ्यांतल्या विटा सारख्या स्पष्ट आल्या तर कॅमेरा निर्दोष. एक वीट जरी धूसर आली तरी तुमची कीव करावी लागेल."

एका सदस्याने उसासा टाकला. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने मंडपाच्या भिंतीचे एकशे चाळीस फोटो काढले होते, आणि खालचा डावा कोपरा अजून त्याला सलत होता. मुलगी कशी दिसत होती, हे त्याला मंडपातल्या इतरांकडून समजले.

मुद्रितशोधक घरी येऊन कामाला लागला. कपडे वाळत घालायच्या जागेपाशी एक विटांची भिंत होती. त्याने ओळंबा सोडला, फीत धरली, उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून बायकोला छत्री धरून उभे केले आणि स्वतः गुडघ्यांवर बसला. कॅमेरा 'भिंत' या स्थितीत ठेवला. भिंत हसत नाही हे कंपनीला ठाऊक असल्यामुळे त्या स्थितीत स्मितवेध आपोआप बंद होतो. बटण दाबावे लागते. तासभर तो पुढे-मागे सरकत होता. बायको एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून उभी होती. हा काय प्रकार चाललाय ते पाहायला आत्या दारातून डोकावली. भिंतीपुढे गुडघे टेकलेला भाचा आणि भिंतीवर छत्री धरलेली सून पाहून तिला हसू आवरेना. नेमके तेव्हाच त्याने बटण दाबले.

हे त्याला समजले ते रविवारी, मंडळाच्या मोठ्या पडद्यावर. विटांच्या सरळ, शिस्तशीर ओळी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात आत्या. डोळे मिटलेले, हनुवटी नाकाला टेकलेली, तोंडाचे बोळके सताड उघडे आणि हात खाली. ती हलत होती म्हणून किंचित धूसर आली होती. पण ती तीच होती. मुद्रितशोधक खुर्चीतून अर्धवट उठला. हेच, हेच ते, असे त्याच्या अगदी ओठांवर आले.

"हा कोपरा तपासता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी अर्जात लिहिले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "अडथळा. एक वृद्ध महिला."

"त्यातून धूसर," मागून कुणीतरी म्हणाले.

पंचवीस माणसांनी चुकचुक केली. मुद्रितशोधकाचे कान तापले. तीस वर्षे तो छापील पानाच्या समासात भरकटलेले प्रत्येक अक्षर खुडून टाकत आला होता, आणि आज त्याच्याच पानाच्या कोपऱ्यात एवढी मोठी चूक सव्वीस जणांना दिसत होती.

"पुसून टाका," अध्यक्ष म्हणाले. "सदोष चाचणी आत असेल तर दाखला देता येत नाही. नियम नऊ."

त्याने क्षणभर अंगठा बटणावर धरला. मग त्याने विचार केला, आणि विचार करणाऱ्या माणसाचे होते तेच त्याचे झाले. आज दाखला मिळेल, उद्या कंपनी दोष काढेल, परवा आत्या खिडकीपाशी बसेल आणि धूसर नसलेला, मधोमध असलेला, कुणालाही दाखवता येईल असा फोटो निघेल. अजून पाच दिवस होते. 'पुसायचे का?' असे कॅमेऱ्याने विचारले. 'नक्की?' असेही विचारले. एवढ्या आस्थेने चौकशी त्या खोलीत दुसऱ्या कुणी केली नव्हती. त्याने दोन्ही वेळा होय म्हटले. घरी जाऊन नवी चाचणी केली, तेव्हा आत्याला बाहेरून कडी लावून खोलीत बसवले.

त्याच संध्याकाळी दाखला मिळाला. कॅमेरा निर्दोष होता. अनुभव कक्षाने तीन दिवसांत निर्णय कळवला: 'सदर यंत्र निर्दोष असल्याने दोष विषयवस्तूत आहे, सबब विषयवस्तूत दुरुस्ती करून घ्यावी.' पत्र आले ती तेरा तारीख होती. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याने विषयवस्तूत दुरुस्ती केली.

आत्या खिडकीपाशी बसली. "हस," मुद्रितशोधक म्हणाला. तिने हात तोंडाकडे नेला. सत्तर वर्षांची सवय, दात आले तशी तीही परत आली होती.

"हात खाली, आत्या."

तिने हात मांडीवर ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे दात दाखवले. कॅमेरा नुसता वेडा झाला. त्याने सात फोटो काढले, हिरवी चौकट लुकलुकली, छोटीशी धूनही वाजली. चारी कोपरे लख्ख आले होते. पुढच्या रविवारी मंडळात या फोटोला टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पडद्याजवळ जाऊन दात मोजले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मोजता आले.

घरी आत्याने छापून आणलेला फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "कोण रे ही बाई?" तिने विचारले. मग आपल्याच बोलण्यावर तिला हसू फुटले आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला. हाताआड काय होते ते कुणालाच दिसले नाही. थोड्या वेळाने तिने कडक बिस्किट कुर्रकन चावले. तिला फार आनंद झाला, आणि तिच्या आनंदाकडे बघताना मुद्रितशोधकाला रडू येत होते. बायकोने फक्त छत्री उचलून जागेवर ठेवली.

त्या रात्री नव्हे, चार दिवसांनी, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत त्याने कॅमेरा-मालकांच्या संकेतस्थळावर आपला अनुभव लिहिला. सगळा लिहिला. भिंत, छत्री, कोपरा, पुसायचे का, नक्की. शेवटी लिहिले, 'धूसर होती, पण माझी आत्या होती. मी तिला माझ्याच अंगठ्याने पुसलं.' एकही चूक न तपासता त्याने ते पाठवून दिले. आयुष्यात पहिल्यांदाच.

उत्तरे भराभर आली, एकूण एकशे बेचाळीस. अनुभव कक्षाने 'संस्मरणीय' अशी मोहोर उमटवली. उरलेल्या एकशे एक्केचाळीस जणांनी एकच विचारले होते: कॅमेऱ्याचे मॉडेल कोणते?

ते या गोष्टीतही कुठे दिलेले नाही. आपण मघाशी एकदा मागे जाऊन शोधलेत, हे आमच्या लक्षात आले आहे. त्याची नोंद अनुभव म्हणून घेण्यात आली आहे.